गल्लीचे गाणे, बाजाराचा ठेका

११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये हिपहॉप जन्मले, असे मानले जाते. उपेक्षितांचा तो हुंकार पुढे सोनसाखळ्या नि महागड्या मोटारींच्या प्रदर्शनात हरवला. मुंबईत डिव्हाइन व नेझी यांनी २०१५ मध्ये गल्लीचे गाणे गायिले. २०१९ मध्ये ‘गली बॉय’ चित्रपटाने तेही बाजारात नेले. परंतु केवळ त्या तरुणांना दोष का द्यावा? नाथांनी भारुडातून समाजाचे दोष परखडपणे दाखविले. डीजेसाठी सढळ हाताने वर्गणी देणारे आपण भारुडकाराच्या बिदागीवर घासाघीस का करतो, हे जानेफळसारख्या गावांनी स्वतःस विचारावे. यंदा एका गणेश मंडळाने तरी भारूड ठेवावे. संस्कृतिरक्षणाचा आरंभ घोषणेने नव्हे, आचरणाने होतो.