रोजमेळातील पहिली चूक



तत्त्वार्थसूत्रात उमास्वामींनी स्मृतीची गणना मतिज्ञानात केली आहे. आठवणे हेही जाणणेच होय, असा त्याचा आशय. असे असूनही घरातील वडीलधाऱ्यांची स्मृती ढळू लागली की “आता वयच झाले” एवढे म्हणून आपण तो विषय मिटवितो. या सवयीविषयी आज लिहावयाचे आहे.

गगनबावड्यासारख्या घाटमाथ्यावरील गावातले एखादे जुने किराणा दुकान डोळ्यांसमोर आणावे. चाळीस वर्षे साऱ्या गावाची उधारी मुखोद्गत असलेले आजोबा एकाच गिऱ्हाइकाकडे दोनदा पैसे मागतात. रोजमेळाची बेरीज जुळत नाही. नित्यपाठातील भक्तामराचा श्लोक मध्येच निसटतो. व्यापारी कुटुंबात या आजाराची पहिली खूण अनेकदा वहीतच उमटते.

१९०६ साली जर्मन वैद्य अलॉइस अल्झायमर यांनी अशाच विस्मरणाने ग्रासलेल्या एका मृत स्त्रीच्या मेंदूचे वर्णन केले. त्यात पेशींबाहेर साचलेले थर होते आणि पेशींच्या आत तंतूंचे गुंते होते. थर अमायलॉइड या प्रथिनाचे आणि गुंते टाऊ या प्रथिनाचे, हे पुढे उलगडले. टाऊ हे पेशीतील सूक्ष्म नलिकांना आधार देते. त्यावर फॉस्फेटचा भार प्रमाणाबाहेर वाढला की ते नलिका सोडून आपसांत गुंतते. अमायलॉइडचा हा साठा विस्मरण दिसण्यापूर्वी पंधरा-वीस वर्षे, न लिहिलेल्या व्याजासारखा, वाढत असतो. बदललेल्या टाऊचा अंश रक्तातही उतरतो. त्यावर आधारलेल्या एका रक्ततपासणीला मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने मान्यता दिली. मात्र ती लक्षणे असलेल्या, ५५ वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या रुग्णांसाठी आणि तज्ज्ञांच्या सल्ल्यानेच करावयाची आहे. निरोगी व्यक्तीने कुतूहलापोटी ती करू नये.

आपल्या समाजासाठी याहून निकडीची एक गोष्ट आहे. प्रत्येक विस्मरण अल्झायमरचे नसते. बी-१२ जीवनसत्त्वाच्या अभावी मज्जातंतूंवरील आवरण झिजते, हातापायांना मुंग्या येतात आणि स्मृतीही मंदावते. शाकाहारात हे जीवनसत्त्व मुख्यतः दूध-दह्यातूनच मिळते. मधुमेहावरील मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांत ते आणखी घटू शकते. पुण्यातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४४१ पुरुषांपैकी ६७ टक्क्यांत बी-१२ कमी आढळले. हा अभाव वेळीच ओळखला तर बरीचशी हानी भरून येते. विलंब झाला तर ती कायमची राहू शकते. औषधातील बी-१२ जिवाणूंच्या साहाय्याने तयार होते, मांसातून काढलेले नसते. कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे असू शकते, म्हणून डॉक्टरांकडे गोळी वा इंजेक्शन मागावे.

गगनबावड्याहून कोल्हापूर सुमारे ५५ किलोमीटर. पावसाळ्यात हा प्रवास वृद्धांना जड जातो, म्हणून चालढकल होते. पण पहिल्या तपासण्या साध्याच आहेत : बी-१२, थायरॉईड, साखर, रक्तदाब, श्रवण व दृष्टी. कधीपासून काय विसरले जाते, याची तारीखवार टिपणी सोबत न्यावी. डॉक्टरांना तिचा मोठा उपयोग होतो. त्यांना आवश्यक वाटल्यास पुढे मेंदूविकारतज्ज्ञांकडे जावे.

एक विनंती. वही चुकली म्हणून वडिलांच्या हातून ती चारचौघांत काढून घेऊ नये. शेजारी बसून सोबतीने हिशेब लिहावा, मोठ्या व्यवहारावर दुसरी सही असावी, आणि गादीवरची त्यांची जागा तशीच राहू द्यावी. वैयावृत्त्य हे आभ्यंतर तप मानले आहे. मुनिसंघाच्या सेवेत आपण कधी उणे पडत नाही. त्याच भावाने आपल्या घरातील वृद्धांकडेही पाहावे. येत्या अष्टमी-चतुर्दशीस घरी सारे एकत्र जमतील, तेव्हा हा विषय अवश्य काढावा.