सातशे शहाऐंशीच्या नोटेचा ऑनलाइन भाव

आपल्या व्यापारी बांधवांपैकी बहुतेकांच्या गल्ल्यात एखादी नोट अशी असतेच, की जी कितीही चणचण पडली तरी मोडली जात नाही. तिच्या क्रमांकात ७८६ असतात. बिस्मिल्लाहच्या अक्षरांची अब्जदच्या हिशेबाने बेरीज केली की ७८६ येतात, हे उर्दू शाळेत गेलेल्यांना सांगावे लागत नाही. ही बेरीज मूळ कलमाची जागा घेऊ शकते काय, यावर उलमांत मतभेद आहेत. तो विषय या पानाचा नव्हे. या पानाचा विषय एवढाच, की हीच नोट आता मोठमोठ्या ऑनलाइन बाजारांत माल म्हणून विकली जात आहे. दहाची नोट दोनशेला, शंभराची हजाराला, आणि कोठे कोठे तर लाखांच्या गोष्टी लिहिलेल्या असतात. घेणाऱ्यांत पुष्कळसे आपलेच लोक आहेत.

कोणाला वाटेल, की हा मुंबई-नागपूरच्या शौकिनांचा मामला आहे. तसे राहिलेले नाही. आमचे दरेकसा छत्तीसगडच्या सीमेला लागून, डोंगराच्या कुशीतले स्टेशन. येथे जुन्या नाण्या-नोटांचे दुकान नाही, जाणकारही नाही. पण मोबाईल घरोघर आहे आणि पार्सल पोहोचते. माघ पौर्णिमेला कचारगडच्या यात्रेत बांगड्यांचे दुकान लावणाऱ्या एका तरुणाने आम्हाला एक लिफाफा दाखवला. दहा-दहाच्या वीस नोटा, प्रत्येकीच्या शेवटी ७८६. मोठ्या ऑनलाइन बाजारातून ४,००० रुपयांना मागवलेल्या. पुढे दुप्पट भावाने विकू, असा बेत. पैसा शौकाचा असता तर आम्ही बोललो नसतो. पण तो पुढच्या भरतीच्या मालाचा होता. आम्ही त्याला त्याचाच यात्रेतला गल्ला काढायला लावला. सुट्या नोटा दीड हजाराच्या आसपास होत्या. तासभर बसून पाहिल्या, तर ७८६ असलेल्या सहा निघाल्या. दर्शनी किमतीत, कोणाला एक पैसा जास्त न देता.

यात चमत्कार काही नाही, साधा हिशेब आहे. नोटेवर आधी अंक-अक्षरांची मालिका असते आणि मग सहा अंकी क्रमांक. एका मालिकेतील दहा लाख नोटांत शेवटी ७८६ असलेल्या बरोबर १,००० येतात. शेवटीच पाहिजे असा आग्रह सोडला, तर सहा अंकांत ७८६ चार ठिकाणी बसू शकतात आणि अशा नोटा होतात ३,९९९. (चार हजारांत एक कमी, कारण ७८६७८६ हा क्रमांक दोनदा मोजला जातो.) म्हणजे अडीचशे नोटांमागे सरासरी एक. जी वस्तू दर अडीचशेत एक मिळते, तिला दुर्मीळ म्हणणाऱ्याने आयुष्यात गल्ला मोजलेला नसावा. ७८६७८६ ही गोष्ट मात्र निराळी. मालिकेत ती एकच असते आणि संग्राहक तिला जास्त पैसे देतात, हे आम्ही नाकारत नाही. पण जाहिरातीत बोट दाखवायचे या एका नोटेकडे आणि पार्सलात घालायची साधी, असा प्रकार चालतो.

आता भावाचे पाहू. कापडाच्या धंद्यात मागितलेला भाव आणि पडलेला भाव यांत अंतर असते, हे नवशिका गुमास्ताही जाणतो. थानावर चिठ्ठी हजाराची लावली म्हणून ते हजाराला गेले असे होत नाही. ऑनलाइन बाजारात दिसते ती ही चिठ्ठी. कोणीही ७८६ च्या नोटेपुढे तीन लाख लिहू शकतो. लिहायला खर्च येत नाही. मग ते चित्र मोबाईलवर फिरते, बातमीसारखे होते आणि पुढचा माणूस तीन लाखांच्या वस्तूला आपल्याला पाचशेत मिळाली म्हणून खूश होतो. खरा भाव पाहायचा तर सौदा झालेल्या रकमा पाहाव्या लागतात. मुंबईच्या टोडीवाला ऑक्शन्ससारख्या नाण्या-नोटांच्या लिलावांत बोली किती रुपयांवर थांबली, हे लिलावानंतर प्रसिद्ध होते. तेथे शोधले म्हणजे कोणत्या वस्तूला खरोखर गिऱ्हाईक आहे, ते कळते.

पण आमच्या मते खरा घोटाळा बाजाराच्या रचनेत आहे. ग्राहक समजतो, की आपण अमुक मोठ्या कंपनीकडून घेतले. वास्तविक कंपनी तेथे आडत्यासारखी आहे. परदेशी भांडवल असलेल्या अशा बाजाराला स्वतःचा माल ग्राहकाला थेट विकण्याची मुभाच नाही. विकणारा कोणी तिसराच असतो आणि कंपनी आपले कमिशन घेते. यात वावगे नाही. धानाच्या बाजारातही आडत्या असतो. मात्र आपला आडत्या शेतकऱ्याला ओळखतो, गिऱ्हाइकाला ओळखतो आणि वांधा निघाला तर दोघांच्या मध्ये उभा राहतो, कारण दुसऱ्या दिवशी त्याला त्याच बाजारात बसायचे असते. ऑनलाइन आडत्या विक्रेत्याला कागदावर ओळखतो, आणि २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ ने मध्यस्थाला काही अटींवर संरक्षणही दिले आहे. म्हणून वरची मोठी पाटी वाचून विश्वास ठेवू नये. खाली बारीक अक्षरांत विक्रेत्याचे नाव असते, ते वाचावे. विक्रेत्याची पतही कायमची नसते. ebay सारख्या बाजाराची भारतीय शाखा, ई-बे इंडिया, ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झाली, तेव्हा तेथे वर्षानुवर्षे जमलेले विक्रेत्यांबद्दलचे अभिप्राय ग्राहकाच्या उपयोगाचे राहिले नाहीत.

चित्राचेही तसेच. "चित्र नमुन्यादाखल" असे बारीक लिहून कोरी करकरीत नोट दाखवतात आणि घडी पडलेली पाठवतात. संग्राहकाच्या लेखी घडी पडली की भाव उतरला. ठिपका लागलेल्या साडीसारखेच. काही नोटांत ७८५ चे ७८६ केलेले असते. नोटेवर क्रमांक दोन ठिकाणी छापलेला असतो, ते दोन्ही अंकाअंकाने ताडून पाहावेत आणि भिंगाखाली शाई सारखी आहे का ते पाहावे. तारा छापलेल्या नोटाही दुर्मीळ म्हणून खपवतात. त्या सदोष नोटांच्या जागी घातलेल्या, पूर्णपणे चलनी नोटा आहेत. जुलै २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेला तसा खुलासा करावा लागला. ईस्ट इंडिया कंपनीचे १८१८ सालचे, देवादिकांची चित्रे असलेले 'नाणे' तर कंपनीने कधी पाडलेलेच नाही, तरी ते हजारोंनी विकले जाते.

नोट प्लास्टिकच्या पेटीत बंद, वर दर्जाचा आकडा, म्हणून निर्धास्त व्हावे काय? परदेशात लहान मुलांच्या खेळातल्या पोकेमॉन कार्डांचा असाच मोठा बाजार आहे. अमेरिकेतील लोगन पॉल या इंटरनेटवरच्या प्रसिद्ध असामीने अशा कार्डांची सीलबंद पेटी ३५ लाख डॉलरला घेतली. पेटी अस्सल असल्याचा जाणकारांचा दाखला होता. जानेवारी २०२२ मध्ये ती उघडली, तर आत जी. आय. जो नावाच्या भलत्याच मालिकेची कार्डे. जेथे दाखला देणारेही फसतात, तेथे दरेकशाच्या बांगडीवाल्याने मोबाईलवरच्या चित्रावरून काय पारखावे? दर्जा देणाऱ्या कंपन्यांच्या पेटीवर क्रमांक असतो, तो त्या कंपनीच्या यादीत शोधून चित्राशी ताडता येतो. एवढे तरी करावे. (आपल्या मुलांना शे-दोनशे रुपयांत पन्नासच्या गठ्ठ्याने मिळणारी सोनेरी कार्डे खेळायला ठीक आहेत, ती जपून पुढे पैसा होईल, हे मनातून काढावे.)

घेतलेली नोट विकायला निघाले, की दुसरा खड्डा लागतो. "तुमची नोट पाच लाखांना घेतो" असा फोन येतो, मग नोंदणीचे पैसे, कराचे पैसे, रिझर्व्ह बँकेच्या परवानगीचे पैसे. ४ ऑगस्ट २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेने जाहीर केले, की बँक अशा व्यवहारांत पडत नाही, कोणतेही शुल्क वा कमिशन मागत नाही आणि तसे मागण्याचा अधिकार तिने कोणालाही दिलेला नाही. पैसे गेलेच असतील तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे. उशीर झाला की रक्कम अडवणे कठीण होते.

न पाहता घेतलेला माल पाहिल्यावर नाकारण्याचा हक्क आपल्या फिकहमध्ये खियार-ए-रूयत या नावाने आहे. ऑनलाइन बाजारात मात्र संग्रहाच्या वस्तूपुढे "परत घेतली जाणार नाही" असे पुष्कळदा लिहिलेले आढळते आणि आपला माणूस ते वाचून गप्प बसतो. गप्प बसण्याचे कारण नाही. जुलै २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांप्रमाणे वस्तू सदोष, बनावट किंवा वर्णनाप्रमाणे नसेल, तर विक्रेत्याला ती परत घेण्यास नकार देता येत नाही. विक्रेत्याचे नाव-पत्ता दाखवणे बाजारावर बंधनकारक आहे. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात झाले पाहिजे. तेथे दाद लागली नाही तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे आमच्या बाबतीत गोंदियात, करता येते. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फीही नाही. पुरावा लागतो तो जाहिरातीच्या चित्राचा, कारण ती जाहिरात रातोरात काढून टाकली जाते. पैसे देण्याआधी तिचे छायाचित्र मोबाईलमध्ये घ्यावे आणि पार्सल उघडताना दुसऱ्याकडून चित्रण करून घ्यावे.

शेवटी एक गोष्ट, जी फार थोड्यांना माहीत आहे. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी रद्द जाहीर झालेल्या ५०० आणि १,००० च्या नोटाही ७८६ चा क्रमांक दाखवून विकल्या जातात, कधी गठ्ठ्याने. २०१७ च्या कायद्याप्रमाणे अशा दोन्ही मिळून दहापेक्षा जास्त नोटा जवळ ठेवणे गुन्हा आहे; अभ्यास, संशोधन किंवा नोटांच्या संग्रहासाठी ही मर्यादा २५ आहे. दंड दहा हजार रुपये किंवा नोटांच्या दर्शनी रकमेच्या पाचपट, यांपैकी जे जास्त असेल ते. विकणारा पार्सल पाठवून मोकळा होतो. नोटा सापडतात त्या घेणाऱ्याच्या तिजोरीत.