नमुना आपल्याच विहिरीचा असू द्या



बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या सिल्लोड तालुक्यातल्या एखाद्या घरात पाणी तापवायच्या पातेल्याच्या बुडाला बोट लावून पाहा. पांढरा, खरखरीत थर लागतो. जड पाण्यात तूरडाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, हे त्या घरातल्या आईला पक्के ठाऊक असते. तिचीच मुलगी बी.एस्सी.ला ‘दुष्फेन पाणी’ हा धडा पाठ करते, पण धड्याचा आणि पातेल्याचा संबंध तिला कोणी दाखवत नाही. रसायनशास्त्र शिकवण्यात माझा जन्म गेला, म्हणून हे मला फार बोचते.

वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण शिक्षण सक्तीचे करायला सांगितले. विद्यापीठ अनुदान आयोगाने पुढे पदवीसाठी आठ प्रकरणांचा अभ्यासक्रम आखला आणि त्यातले शेवटचे प्रकरण क्षेत्रकार्यासाठी राखले. आज ओझोन, आम्लवर्षा, हरितगृह वायू यांच्या व्याख्या परीक्षेच्या आदल्या रात्री गाईडमधून वाचल्या जातात आणि एकाचा प्रकल्प दहा जण उतरवून काढतात.

प्रयोगशाळेतही वेगळे नाही, आणि त्यात माझाही दोष आहे. दुष्फेनतेच्या प्रयोगाचा नमुना आम्हीच मॅग्नेशियम सल्फेट विरघळवून तयार करायचो. मुले विचारायची, “सर, रीडिंग किती यायला पाहिजे?” एका वर्षी एका विद्यार्थिनीला घरच्या विहिरीचे पाणी आणायला सांगितले. ५० मिलीलीटर पाणी, थोडे बफर, दर्शकाचे दोन-चार थेंब. द्रावण जांभळट लाल झाले. ब्युरेटमधून कॅल्शियम-मॅग्नेशियमला बांधून घेणारे ईडीटीए थेंबथेंब पडत राहिले. १० मिलीलीटर झाले, १५ झाले, रंग हलेना. २४ वर तो निळा झाला. म्हणजे दुष्फेनता लीटरमागे ४८० मिलीग्रॅम. भारतीय मानकानुसार मर्यादा २००. दुसरा स्रोतच नसेल तर ६००. तिने प्रयोग दोनदा पुन्हा करून पाहिला. रीडिंग किती यायला पाहिजे हे मात्र विचारले नाही, कारण ते मलाही माहीत नव्हते. आपल्या काळ्या पाषाणातून कॅल्शियम, मॅग्नेशियम पाण्यात कसे उतरते, हे त्या दिवशी वर्गाला वेगळे समजावावे लागले नाही.

जड पाणी निदान डाळीवरून कळते. नायट्रेटला ना रंग, ना वास, ना चव. आपल्याकडे मका आणि कपाशीला युरिया पडतो. ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के नत्र, म्हणजे २० किलोहून थोडे अधिक. पिकाने न उचललेल्या नत्राचे जमिनीत नायट्रेट होते. नायट्रेटवर ऋण भार, काळ्या मातीच्या कणांवरही ऋण भार. म्हणून माती त्याला धरून ठेवत नाही. पावसाच्या पाण्याबरोबर ते खाली विहिरीत उतरते. मर्यादा लीटरमागे ४५ मिलीग्रॅम, आणि तिला सवलत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाचे वरचे दूध अशा पाण्यात कालवले, तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते आणि बाळ निळे पडू शकते. पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही. पाणी आटल्याने त्याचे प्रमाण उलट वाढते. पर्यावरण रसायनशास्त्राचा पहिला धडा हाच असायला नको का?

कोणी म्हणेल, पाणी तपासायला सरकारी प्रयोगशाळा आहेत, विद्यार्थ्यांचे आकडे कोण मानणार? मानू नका. शंका आली की तोच नमुना सरकारी प्रयोगशाळेत पाठवा. पण शंका येण्यासाठी आधी कोणीतरी बाटली भरायला हवी. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना तपासणी संच वापरायला शिकवावे, असे ठरले आहे. गावातल्या बाया हे शिकू शकतात, तर विज्ञानाचा पदवीधर का नाही? खर्चाचे म्हणाल, तर ब्युरेट आणि कलरीमीटर विज्ञान महाविद्यालयांत असतातच.

माझी मागणी साधी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाने प्रात्यक्षिकाच्या गुणांसाठी प्रत्येक विद्यार्थ्याला आपल्याच गावच्या एका विहिरीचे किंवा बोअरचे पाणी तपासायला लावावे, एकदा पावसाळ्याआधी, एकदा नंतर. आकडे महाविद्यालयाच्या नोंदवहीत राहावेत आणि एक प्रत ग्रामसभेत वाचली जावी. चार-पाच वर्षांत गावोगावच्या पाण्याचा हिशेब तयार होईल.

तोवर प्राध्यापक मित्रांना विनंती: विद्यापीठाच्या परिपत्रकाची वाट पाहू नका. पुढच्या प्रात्यक्षिकाला मुलांना घरून एक स्वच्छ बाटली भरून आणायला सांगा.

– एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक, सिल्लोड