विरजण मागायला कोण येतं?

माझी आत्या पवन मावळात राहते. वय पंच्याहत्तरच्या पुढे, घरात लहानमोठी नऊ माणसं, गोठ्यात एक म्हैस. गेल्या वर्षी आषाढात समाजकार्य शिकणारी एक मुलगी तिच्याकडे प्रश्नावली घेऊन आली. मी तिथेच पडवीत बसले होते. प्रश्न तीनच. सोबतीला कुणी नाही असं किती वेळा वाटतं? आपल्याला बाजूला टाकलंय असं किती वेळा वाटतं? आपण इतरांपासून तुटलोय असं किती वेळा वाटतं? उत्तरंही ठरलेली: क्वचित, कधी कधी, नेहमी. आत्याने तिन्ही वेळा ‘क्वचित’ सांगितलं. सून उंबऱ्याशी बसून तांदूळ निवडत होती. मुलीने एक, एक आणि एक अशी बेरीज करून तीन लिहिले. या मापात तीनच्या खाली आणि नऊच्या वर गुणच नाहीत. म्हणजे कागदावर आत्यासारखं सुखी माणूस शोधून सापडायचं नाही.

मुलगी छत्री उघडून पुढच्या घरी गेली. आत्या थोडा वेळ पावसाकडे बघत राहिली आणि म्हणाली, “आता इरजण मागायला बी कुणी येत न्हाई बघ. समद्यांकडं पिशवीतलं दही.”

माझा विश्वास या वाक्यावर आहे, त्या तीन गुणांवर नाही.

तरीही ‘नाती कुठे मोजता येतात का’ म्हणून हात झटकणाऱ्यांत मी नाही. मोजलंच पाहिजे. २०१० साली ज्युलियन होल्ट-लुनस्टॅड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १४८ अभ्यासांतल्या तीन लाखांहून अधिक माणसांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा ज्यांची नाती भक्कम होती त्यांची अभ्यासाच्या काळात जगण्याची शक्यता इतरांपेक्षा निम्म्याने जास्त निघाली. ३० जून २०२५ रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने याच विषयावर अहवाल दिला. जगात सहा माणसांमागे एक एकटेपणाने ग्रासलेला आहे आणि वर्षाला ८ लाख ७१ हजारांहून अधिक मृत्यूंशी त्याचा संबंध आहे, असा त्यांचा अंदाज. ज्या गोष्टीने माणसं दगावतात ती मोजायची नाही, हे म्हणणं शहाणपणाचं नव्हे. माझं भांडण मोजण्याशी नाही, मापाशी आहे.

ती तीन प्रश्नांची पट्टी अमेरिकेतली. कॅलिफोर्नियात १९७८ मध्ये वीस वाक्यांची यादी तयार झाली, आणि मोठ्या पाहणीत फोनवरून विचारता यावी म्हणून २००४ मध्ये तिचे तीन प्रश्न केले. फोनवर माणूस एकटा असतो. उत्तर देताना त्याच्या मागे सून उभी नसते. आमच्याकडे ‘सोबतीला कुणी नाही असं वाटतं का’ याला ‘नेहमी’ म्हणणं म्हणजे आपल्या मनाची स्थिती सांगणं नव्हे. परक्या मुलीसमोर लेकाला आणि सुनेला दोष देणं ते. कुठली सासू असं बोलेल? घराची अब्रू आहे. आत्या खोटं बोलली नाही. तिला विचारलं गेलं एक आणि तिने उत्तर दिलं दुसऱ्याच प्रश्नाचं: ‘तुझी माणसं चांगली आहेत ना?’ आहेत की.

सरकारी मोजणीही फार पुढे नाही. २०१७-१८ मध्ये मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने पंचेचाळिशीच्या पुढच्या ७२ हजारांहून अधिक भारतीयांची मोठी पाहणी केली. काम मेहनतीचं आणि मोलाचं. कुटुंबाबद्दल आणि आधाराबद्दल त्यात वेगळे प्रश्न आहेत. पण एकटेपणाचा थेट प्रश्न येतो तो नैराश्याच्या दहा लक्षणांमधलं एक लक्षण म्हणून: गेल्या आठवड्यात किती वेळा एकटं वाटलं? जणू ताप, खोकला, एकटेपणा. आत्याला नैराश्य नाही. ती पहाटे चारला उठते, म्हैस पिळते, हरिपाठ म्हणते, नातवाचा डबा भरते. ती आजारी नाही. फक्त तिच्याकडे मागायला येणारं माणूस उरलेलं नाही.

आता घाटमाथ्यावरचं दुसरं घर. लोणावळ्यात, तुंगार्लीच्या बाजूला, माझ्या ओळखीचं एक जोडपं निवृत्त होऊन राहतं. मुलगा परदेशात, मुलगी बंगळुरात. आजूबाजूचे बंगले सोमवार ते शुक्रवार कुलूपबंद असतात. शनिवारी गाड्या येतात, रविवारी रात्री जातात. जेम्स लुबेन यांनी घडवलेली आणखी एक पट्टी आहे, सहा प्रश्नांची. महिन्यातून निदान एकदा किती नातेवाईक भेटतात किंवा त्यांच्याशी बोलणं होतं? मनातलं बोलता येईल असे किती? हाक मारली तर मदतीला येतील असे किती? मग हेच तीन प्रश्न मित्रांबद्दल. तीसपैकी गुण, बाराच्या खाली आलात तर काळजीचं. या काका-काकूंना वीस सहज पडतील, कारण रोज रात्री साडेनऊला पडद्यावर सगळं गणगोत हजर असतं. पण गेल्या पावसाळ्यात काका न्हाणीघरात घसरले, तेव्हा धावत आला तो शेजारच्या बंद बंगल्याचा राखणदार. नाणे मावळातला तरुण पोरगा. त्याचं नाव कुठल्याच रकान्यात बसत नाही: तो नातेवाईक नाही, मित्र म्हणायला दोघांचीही जीभ रेटत नाही. त्या दिवसापासून काकू त्याला संध्याकाळी चहाला हाक मारतात आणि त्याच्या बायकोच्या बाळंतपणाला त्यांनी लाडू करून पाठवले.

मला वाटतं, नात्याचा कस ‘कसं वाटतं’ यापेक्षा ‘काय घडतं’ यात जास्त लागतो. त्याची मापं मावळात जुनीच आहेत. भातलावणी घ्या. चिखलणी झाली की रोप फार दिवस थांबत नाही, आणि एका घराच्या हातांनी खाचरं उरकत नाहीत. म्हणून सावड. आज तुम्ही माझ्या खाचरात, उद्या मी तुमच्या. घेतलेला दिवस फेडायचा असतो. इर्जिक निराळी: सगळी आळी एका दिवसात एकाच्या शेतात उतरते, तो पैसे देत नाही, पोटभर जेवू घालतो. यंदा कुणाच्या सावडीला कोण होतं, हे विचारलं की गावातल्या नात्यांचा अख्खा नकाशा हातात येतो. त्यात कुठली दोन घरं एकमेकांच्या बांधावर जात नाहीत, हेही लगेच कळतं.

लग्नातली आहेराची वहीही तशीच. मांडवात एक माणूस टेबलाशी बसून नावागावासह आकडा लिहितो, आणि दहा वर्षांनी ती वही पेटीतून काढून, बघून उलटा आहेर जातो. हिशेब आहे म्हणून त्यात माया नाही, असं कुणी समजू नये. एकावन्न, एकशेएक यातला वरचा एक रुपया व्यवहार मिटू नये म्हणून असतो, असं जुनी माणसं सांगत. पै-पैचा हिशेब चुकता झाला की तो व्यवहार सावकाराचा.

हीच समज कायद्यानेही दाखवली आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्ध देशात पहिला स्वतंत्र कायदा महाराष्ट्राने केला, २०१६ चा. जुलै २०१७ पासून तो लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. वाळीत टाकलेल्या माणसाला ‘तुम्हाला तुटल्यासारखं वाटतं का’ असं हा कायदा विचारत नाही. तो कृत्यांची यादी देतो: सण-समारंभात, लग्नकार्यात, अंत्यविधीत येऊ न देणं, सार्वजनिक जागा वापरू न देणं, व्यवहार तोडणं. घाटाखाली रायगडात अशा तक्रारींची कमी नव्हती. नातं तोडल्याचा पुरावा कृतीत सापडतो, तर नातं असल्याचाही तिथेच शोधायला हवा.

पण इथे एक मोठी फसगत आहे, आणि ती माझ्याच घरातली आहे.

द्रुतगती महामार्ग झाल्यावर मावळातल्या जमिनीला भाव आला. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांइतका हक्क मिळाला. त्यानंतर तीन-चार वर्षांनी आमची महामार्गालगतची जमीन विकायची ठरली. गिऱ्हाइकाच्या वकिलाने बहिणींच्या सह्या मागितल्या. आत्याला गाडी पाठवली, वडगावला नेलं, हक्कसोडपत्रावर तिचा अंगठा घेतला. ती निरक्षर नाही, सही करते. पण त्या दिवशी हात थरथरतोय म्हणाली. अंगठ्याची शाई तिने पदराच्या टोकाला पुसली. परत येताना तिला एक लुगडं घेतलं. आजही दिवाळीला भाऊबीज जाते, गौरी-गणपतीला बोलावणं जातं. कुणी तिला विचारावं, ‘भावांशी संबंध कसे आहेत?’ ती म्हणेल, ‘माझं म्हायेर सोन्यासारखं हाय.’ कृती मोजायची म्हटली तर तिच्यापेक्षा जास्त कुणी दिलं? एकराच्या हिशेबात दिलं. आणि तरी त्या देण्याला मी नात्याचा चांगुलपणा म्हणू शकत नाही. तिला नाही म्हणायची सोय नव्हती. अंगठा दिला नसता तर भाऊबीज आली नसती, हे तिला ठाऊक होतं आणि माझ्या वडिलांनाही. त्या पैशांतून माझं शिक्षण झालं. त्यामुळे नातं कशाने मोजायचं, हा प्रश्न मला फक्त पाहणी करणाऱ्यांना विचारता येत नाही.

म्हणून मला दोनच गोष्टी विचाराव्याशा वाटतात. गेल्या महिन्यात तुमच्याकडे कुणी काही मागायला आलं का, वस्तू, सल्ला, दोन तासांची सोबत, काहीही? आणि तुमच्या माणसांना तुम्ही नाही म्हणालात तर ती तुमचीच राहतील का? पहिल्याने कळतं की आपण कुणाला लागतो की नाही. दुसऱ्याने कळतं की त्या लागण्यात आपली गळचेपी तर होत नाही ना. मदतीला किती जण येतील, हे काही पट्ट्या विचारतात. पण म्हाताऱ्या माणसाला खातो तो प्रश्न वेगळा असतो: माझी कुणाला गरज आहे का?

याला वेगळी यंत्रणा नको. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा एक तपासणी-अर्ज आशाताई घरोघरी जाऊन भरतात. तंबाखू खाता का, व्यायाम करता का विचारतात, फीत घेऊन कमरेचा घेर मोजतात. त्यात मन उदास राहतं का हेही आहे, आणि साठीच्या पुढच्यांना रोजच्या कामात दुसऱ्याची मदत लागते का, हेही. मदत लागते का, हा रकाना आहे; मदत करता का, हा नाही. तो एक रकाना वाढवायचा. फक्त आशाताई गावातलीच असते, कधी त्याच भावकीतली. दुसरा प्रश्न तिने विचारून खरं उत्तर यायचं नाही. तो वरच्या परिचारिकेने, आरोग्यकेंद्रात, दार लोटून विचारावा. आशांच्या डोक्यावर आधीच कामाचा डोंगर आहे. त्यांना वाढीव कामाचं वाढीव मानधन मिळायलाच हवं.

मोजणं आमच्या मातीला परकं नाही. लोणावळ्यातच १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम काढलं, ‘योगमीमांसा’ नावाचं त्रैमासिक सुरू केलं. योग ही अनुभूती, ती यंत्राला काय कळणार, असं म्हणणारे तेव्हाही होते. कुवलयानंदांनी योग मोजायचा हट्ट धरला नाही. नौली करताना आतड्यातला दाब किती उतरतो, एवढंच त्यांनी दाबमापक लावून पाहिलं, आणि तो बाहेरच्या हवेच्या दाबाखाली जातो हे दाखवलं. एक नेमकी गोष्ट, पुन्हा पुन्हा तपासून. नात्यांच्या मोजणीला हाच संयम हवा. अख्खं नातं तीन ते नऊच्या आकड्यात कोंबण्यापेक्षा त्यातली एक खरी, घडणारी गोष्ट धरा.

आणि वेळ बघून या. लावणीच्या दिवसांत मावळात कुणाकडे घरात बसून बोलायला उसंत नसते. ती मुलगी आषाढात आली होती, अर्धी घरं तिला बंद मिळाली. श्रावणात या. खाचरं हिरवी झालेली असतात, बायका थोड्या मोकळ्या असतात, आणि यंदा सावडीला कोण आलं, कोण आलं नाही, हे सगळ्यांच्या बोटांवर ताजं असतं.

मागच्या रविवारी मी आत्याकडून निघताना मुद्दाम वाटीभर विरजण मागून घेतलं. माझ्या घरी दही लागत नाही, मला लावताही येत नाही. तिने दोन वाट्या दिल्या, वर फडकं बांधलं, दूध किती कोमट हवं ते बोट बुडवून दाखवलं, आणि लोकल चुकेल म्हणून मी घाई करत असताना रस्त्यापर्यंत येऊन तिसऱ्यांदा सांगितलं, की रात्री झाकून ठेव, हलवू नकोस, आणि नाही जमलं तर परत ये.