समभाग घ्यावा, तो भागीदार होऊन

ठाणे स्थानकाच्या पूर्वेस कोपरी आणि पश्चिमेस जुने ठाणे शहर. या दोहोंमधून जाणाऱ्या लोहमार्गावर १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली देशातील पहिली प्रवासी गाडी आली, हे कोपरीतील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. हा मार्ग कोणाच्या पैशातून झाला, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. १८४९ साली ब्रिटिश संसदेच्या कायद्याने स्थापन झालेल्या ‘ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे’ कंपनीने समभाग विकून भांडवल उभे केले. बहुतेक भागधारक इंग्लंडमधील. त्यांना पाच टक्के परताव्याची हमी ईस्ट इंडिया कंपनीने दिली होती. नफा कमी पडल्यास भरपाई हिंदुस्थानच्या महसुलातून. लाभ भागधारकाचा आणि जोखीम रयतेची, असा तो व्यवहार होता.

त्याला स्वदेशी उत्तर मिळाले १९०७ साली. टाटांच्या पोलाद कारखान्यासाठी लंडनच्या बाजारात भांडवल मिळेना, तेव्हा स्वदेशीच्या चळवळीने भारलेल्या देशबांधवांना आवाहन करण्यात आले. अवघ्या तीन आठवड्यांत सुमारे आठ हजार भारतीयांनी १६ लाख ३० हजार पौंड उभे केले. पुढे कर्जरोखे काढावे लागले, ते सर्वच्या सर्व ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे यांनी घेतले. कारखान्यातून पहिले पोलाद निघाले १९१२ साली. तोवर थांबण्याचे धैर्य त्या भागधारकांपाशी होते.

आज अर्ज करणे कमालीचे सुलभ झाले आहे. पैसे स्वतःच्या बँक खात्यातच राखून ठेवले जातात आणि समभाग मिळाले तरच वळते होतात. विक्री बंद झाल्यापासून कामकाजाच्या तिसऱ्या दिवशी समभाग बाजारात येतो. या सुधारणा स्वागतार्हच आहेत. परंतु ‘सेबी’ने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास विचारात पाडणारा आहे. एप्रिल २०२१ ते डिसेंबर २०२३ या काळात वैयक्तिक गुंतवणूकदारांनी मिळालेल्या समभागांपैकी मूल्याने जवळजवळ निम्मे आठवड्याच्या आत विकून टाकले. याला भागीदारी म्हणायचे की सोडत?

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. प्रत्येक विक्रीतील पैसा कंपनीच्या हाती पडतोच असे नाही. नवे समभाग विकले तर त्यातून यंत्रे येतात, कर्ज फिटते, रोजगार वाढतो. जुन्या मालकाने आपला हिस्सा विकला, तर पैसा त्याच्या खिशात जातो. मे २०२२ मधील आयुर्विमा महामंडळाची सुमारे २१ हजार कोटींची विक्री अशीच होती; रक्कम केंद्र सरकारच्या तिजोरीत गेली. विक्रीचा भाव ९४९ रुपये. विमाधारकांना ६० रुपयांची सवलत मिळूनही पहिल्या दिवशी मुंबई शेअर बाजारात व्यवहार सुरू झाले ते ८६७ रुपयांवर. हिस्साविक्रीत गैर काही नाही. परंतु ती ओळखता आली पाहिजे.

दहा हजारांचा दूरचित्रवाणी संच घेण्यापूर्वी चार दुकाने फिरणारे आपले मध्यमवर्गीय कुटुंब शेजाऱ्याच्या एका शब्दावर लाखाचा अर्ज भरते. माहितीपत्रकात पैशाचा विनियोग, प्रवर्तकांचा हिस्सा, कर्जे, न्यायालयीन दावे आणि जोखमी नमूद करणे कंपनीवर बंधनकारक असते. निदान तेवढी पाने घरात बसून वाचली जावीत. राष्ट्राचे उद्योग जनतेच्या बचतीवर उभे राहावेत, ही आकांक्षा रास्तच आहे. मात्र बचत डोळसपणे दिली गेली, तरच ती भांडवल ठरते; एरवी तो निव्वळ जुगार.