‘मूळचे कुठले? वडील काय करतात?’

मिरजगाव नगर-सोलापूर रस्त्यावर असले तरी इथल्या पदवीधराला नोकरीसाठी सुपा, रांजणगाव नाहीतर थेट चाकण गाठावे लागते. कर्जत-जामखेडच्या एमआयडीसीसाठी आमदार रोहित पवार जुलै २०२३ मध्ये विधानभवनाच्या आवारात भर पावसात बसले होते. एमआयडीसी व्हावी, हे आमचेही म्हणणे आहे. पण ती झाल्यावर गेटच्या आत कोण जाणार?

जाहिरातीत अनुभव, इंग्रजी आणि ‘व्यक्तिमत्त्व’ मागतात. पहिलीच नोकरी शोधणाऱ्याने अनुभव आणायचा कुठून, हे कोणी सांगत नाही. मुलाखतीत आणखी एक चाळणी असते. गायकवाड, जाधव, पवार ही आडनावे आपल्यात आहेत, तशी मराठ्यांतही आहेत. आडनावावरून उलगडा झाला नाही की मग प्रश्न येतो, ‘मूळचे कुठले? वडील काय करतात?’ आपली मुले या प्रश्नाला चांगलीच ओळखतात.

हा आपल्या मनाचा खेळ नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी खासगी कंपन्यांना पाठवले. त्यांचा अभ्यास २००७ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आला. सवर्ण आडनावाच्या तुलनेत दलित आडनावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांशच निघाली. मुस्लिम नावाची तर एक-तृतीयांश. त्याच सुमारास सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्लीतल्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. ‘आम्ही फक्त गुणवत्ता पाहतो’ म्हणणारे हे अधिकारी उमेदवाराची कौटुंबिक पार्श्वभूमी मात्र आवर्जून विचारत होते. शेतमजुराच्या मुलाने तिथे काय सांगायचे?

म्हणून आपला तरुण सरकारी भरतीकडे वळतो, कारण तिथे निदान आरक्षण आहे. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले. राखीव प्रवर्गालाही शुल्क ९०० रुपये होते. मजुरी करून परीक्षा देणाऱ्याला ही रक्कम हलकी नाही. त्याच सप्टेंबरात सरकारने नऊ एजन्सींमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय काढला. विरोध झाल्यावर ऑक्टोबरात तो मागे घेतला. पुढे २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. तिचे विद्यावेतन सहा ते दहा हजार, मुदत आधी सहा महिने, नंतर आणखी पाच. मुदत संपली की पुन्हा अर्ज. त्या प्रमाणपत्राला कंपन्या अनुभव मानणार का?

राज्याच्या सवलती घेणाऱ्या उद्योगांनी ८० टक्के नोकऱ्या स्थानिकांना द्याव्यात, असे धोरण आहे. या ‘स्थानिकां’त आपल्या वस्तीतले किती, हे आपण विचारले पाहिजे. किती जणांनी अर्ज केले, किती जणांना बोलावले, किती जणांना घेतले, हा प्रवर्गनिहाय तपशील कंपन्यांनी दरवर्षी जाहीर करावा. कर्जतच्या एमआयडीसीसाठी मोर्चा निघेल, तेव्हा आपल्या निवेदनात हीच मागणी पहिली असू द्या.