कचऱ्याच्या गाडीतला हिस्सेदार

रात्रपाळी करून गोदीतनं आलो आणि दोस्ताच्या मोबाईलवर 'ओशन्स इलेव्हन' बघितला. १९६० सालचा. दोस्त म्हणाला, बघ लेका, तेव्हा गोऱ्यांच्या टोळीत एक काळा, बरोबरीचा हिस्सेदार! आधी मी बी खूश झालो. पिक्चर संपला आणि डोकं फिरलं.

गोष्ट हसण्याचीच. दुसऱ्या महायुद्धात ८२व्या एअरबोर्न डिव्हिजनमध्ये लढलेले अकरा दोस्त नवीन वर्षाच्या रात्री लास व्हेगासचे पाच कॅसिनो लुटतात. विजेचा टॉवर उडवतात, अंधार होतो, माल साफ. म्होरक्या फ्रँक सिनात्रा. त्याचे गोरे दोस्त कडक कपडे घालून कॅसिनोच्या आत. आणि जॉश हॉवर्ड, म्हणजे सॅमी डेव्हिस ज्युनियर? तो बाहेर. कचऱ्याची गाडी घेऊन. लूट कचऱ्याच्या डब्यात टाकायची, जॉशनं गोळा करून न्यायची.

दोस्त म्हणतो, अरे, ती गाडी नसती तर पैसा बाहेर आला असता का? नसता. कबूल. पण का? कारण कचऱ्याच्या गाडीकडं कोण बघत नाही. चालवणाऱ्याच्या तोंडाकडं तर नाहीच नाही. हे आपल्याला शिकवायला हॉलिवूड कशाला पाहिजे?

आणि ती युद्धातली दोस्ती बी थापच. त्या युद्धात अमेरिकेची फौज रंगावर वाटलेली होती. काळ्या पॅराट्रूपर्सची ५५५वी बटालियन वेगळी. हा भेद मोडायचा ट्रुमनचा हुकूम निघाला १९४८ साली, युद्ध संपल्यावर. म्हणजे जिथं बरोबरी नव्हती तिथं पिक्चरनं ती घुसडली. आणि कामं वाटायची वेळ आली तेव्हा मात्र खरं ओकला.

पुढं गोरे गडी ओळखू येऊ नये म्हणून तोंडाला काळं फासतात. त्यावर विनोद जॉशच्याच तोंडी: आपला रंग कधीतरी कामाला येणार हे ठाऊक होतं म्हणे. थेटरात हशा. आपला अपमान आपल्याच तोंडानं बोलवून घ्यायचा, ही रीत व्हेगासची एकट्याची नाही.

पडद्याबाहेर काय होतं? व्हेगासच्या बड्या हॉटेलांत काळा कलावंत स्टेजवर चाले, गिऱ्हाईक म्हणून चालत नसे. काळ्यांनी मोर्चाची धमकी दिली तेव्हा कुठं २६ मार्च १९६० रोजी हॉटेलवाल्यांनी दारं उघडायचं मान्य केलं. सिनेमानं नाही, मोर्चाच्या धाकानं.

खऱ्या कचऱ्याच्या गाडीची बी गोष्ट ऐका. १ फेब्रुवारी १९६८. मेम्फिस शहर. पाऊस पडत होता म्हणून दोन काळे सफाई कामगार कचऱ्याच्या गाडीत मागं आडोशाला बसले. कचरा दाबायचं यंत्र सुरू झालं आणि दोघं चिरडून मेले. मग तेराशे कामगार संपावर गेले, 'मी माणूस आहे' अशा पाट्या घेऊन. त्यांच्या पाठीशी उभं राहायला आलेल्या मार्टिन ल्यूथर किंगला तिथंच ४ एप्रिलला गोळी घातली. ह्या गाडीवर कोण कॉमेडी काढणार?

२००१ साली हाच पिक्चर नव्यानं काढला. टोळीत काळे वाढले. त्यातला एक, फ्रँक कॅटन, रंगावरून अन्याय होतोय म्हणून बोंब मारतो. पण ती निव्वळ बतावणी, समोरच्याला गुंगवायला. चाळीस वर्षांत डोकी वाढली आणि तक्रार ठगाची युक्ती झाली!

सॅमी डेव्हिस गुणी माणूस. त्याच्याशी माझं भांडण नाही. त्या काळात तेवढी जागा मिळवायला बी छाती लागत होती. माझं भांडण डोकी मोजून टाळ्या पिटणाऱ्यांशी आहे. कमिटीत आपला एक, पोस्टरवर आपला एक, सिरियलीत आपला एक. त्याच्या हातात काय दिलंय ते बघा. बेत कुणी आखला ते विचारा. ह्या पिक्चरचा दिग्दर्शक गोरा, पटकथा लिहिणारे दोघं गोरे. मग जॉश कचऱ्याच्या गाडीवरच बसणार.

२०१३ साली नागराज मंजुळेनं 'फँड्री' काढला तेव्हा बेत आपला होता. म्हणून त्यातला दगड थेट बघणाऱ्याच्या तोंडावर येतो.

दोस्तहो, हिस्सा नको. बेत आखायला बसू द्या. नाहीतर गाडी अडवू.